साडेचार हजाराचा मायक्रोस्कोप, चार जातीचे लव्हाळे आणि एक महिन्याची डोकेफोड : वापरून सांगते

आधी सांगते की कंपनीचं नाव आणि दुकानाचं नाव लिहिणार नाहीये, विचारू नका. दुकान जळगावचं, माल अंबाल्याचा (आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या लॅबला जो येतो त्यातला बराचसा अंबाल्याचाच असतो), आणि किंमत घासाघीस करून साडेचार हजार. एका डोळ्याचा, १०एक्स आयपीस (डोळ्याकडचं भिंग), ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडची भिंगं) तीन म्हणजे ४, १० आणि ४०, खाली एलईडी, शिवाय एलईडी काढून आरसा लावायची सोय. मी अमळनेरजवळ एका गावात अकरावी-बारावीचे बायोलॉजीचे क्लास घेते घरीच, ओट्यावर, दोन बॅच. पोरं नीटची तयारी करतात पण त्यातल्या निम्म्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावलेला नसतो, लांबून बघितलेला असतो. म्हणून घेतला.

आता सगळे लोक रिव्ह्यूमधे काय करतात तर कांद्याचा पापुद्रा ठेवतात आणि फोटो टाकतात वाव किती क्लिअर. कांद्याचा पापुद्रा खेळण्यातल्या मायक्रोस्कोपमधे पण दिसतो हो, त्याच्यावरून काहीच कळत नाही. मला टेस्ट अशी पाहिजे होती की जी वस्तूला घाम फोडेल आणि जिचं सामान फुकट मिळेल. ते सामान आमच्या दाराशीच उभं होतं, लव्हाळा. कपाशीत, केळीत, बांधावर, अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत सुद्धा.

लव्हाळाच का, तर अकरावीच्या प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात क्रांझ अ‍ॅनाटॉमी असते. पानाच्या शिरेभोवती पेशींचं कडं, त्यात गच्च हरितलवकं, आणि असं कडं असलं की ती वनस्पती सी-४, म्हणजे कडक उन्हात, कमी पाण्यात जास्त चांगलं अन्न बनवणारी (साध्या पद्धतीची ती सी-३). क्रांझ म्हणजे जर्मनमधे पुष्पचक्र, हाबरलांट नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे कडं बघून ठेवलं होतं पण ते कशासाठी असतं हे कळायला १९६६ साली हॅच आणि स्लॅकचा पेपर यायला लागला. पुस्तकात आकृती मक्याची. पोरं दरवर्षी विचारतात मॅडम खरंच असं दिसतं का, आणि मी दरवर्षी हो म्हणते, स्वतः कॉलेजला एकदाच बघितलं होतं ते पण सर घाईत होते.

तर आपल्या नेहमीच्या लव्हाळ्याची (शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस) गंमत अशी की तो सी-४ आहे पण त्याचं कडं मक्यासारखं नाहीये. मक्यात शिरेभोवती एकच कडं. लव्हाळ्यात दोन, आणि हिरवं कडं आतलं, एकदम शिरेला चिकटून, त्याच्या बाहेर जाड भिंतीच्या बारीक रंगहीन पेशींची एक ओळ (तिला मेस्टोम शीथ म्हणतात) आणि मग त्याच्या बाहेर मेसोफिलच्या, म्हणजे पानाच्या आतल्या गराच्या, पेशी सूर्याच्या किरणांसारख्या उभ्या. ही मधली रंगहीन ओळ दिसली तर ४०एक्स चांगला, नाही दिसली तर लेन्स बेकार. माझी टेस्ट एवढीच.

आणि दुसरी गंमत ह्याहून भारी आहे. ह्याच सायपेरस जीनसमधला, म्हणजे आडनाव पण तेच, सायपेरस डिफॉर्मिस नावाचा भातातला लव्हाळा सी-३ आहे. त्याला हे हिरवं कडं नसतंच. म्हणजे दोन भाऊ शेजारी ठेवले की फरक डोळ्यासमोर, मका आणि गहू अशी ओढाताण करायची गरज नाही. पण अमळनेरला भात कुठून आणायचा, इथे कपाशी. माझं माहेर नवापूरकडचं, तिकडे भातच भात. पोळ्याला गेले होते तेव्हा वहिनीसोबत बांधावर जाऊन उपटून आणला, ओल्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, आणि सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने नवापूर ते अमळनेर मांडीवर घेऊन आले. समोरच्या मावशींना वाटलं डब्यात दराबा (आमच्या खानदेशातला गोड पदार्थ) आहे, सारखं बघत होत्या.

बाकी दोन इथलेच, सायपेरस इरिया पाटाच्या कडेचा आणि सायपेरस कॉम्प्रेसस आमच्या वाड्यातला.

इथे आमच्या सासूबाईंचं सांगायला पाहिजे. तीस वर्षं निंदणी केलेली बाई. मी चारी झाडं ओट्यावर मांडून पुस्तकात बघून ओळखत बसले होते, फुलोरा असा, तुरा तसा, त्या आल्या, एकेक दांडी दोन बोटांत धरून फिरवली आणि म्हणे "हात लाईसन दख." दांडी फिरवली की तीन कोपरे लागतात बोटाला. गवताची दांडी गोल, मधे पोकळ आणि तिला पेर असतं. लव्हाळ्याची तीन धारी, भरीव, आणि बुडापासून तुऱ्यापर्यंत एकही पेर नाही, पानं पण तीन दिशांना निघतात. मग इरियाकडे आणि आपल्या नेहमीच्याकडे बोट करून म्हणे "हाऊ मुयासगट येस, तो तुटी जास." एवढंच बोलून गेल्या. इरिया वर्षायू आहे, लालसर तंतुमुळं, ओढला की अख्खा येतो. आणि नेहमीचा, रोटंडस, त्याच्या खाली गाठींची माळ असते, एका गाठीतून दोरी निघते ती पुढच्या गाठीला, तुम्ही ओढला की दांडी हातात आणि माळ जमिनीत. मी बीएस्सी बॉटनी. असो.

आता मुद्द्यावर येते, सेक्शन म्हणजे पानाचा पातळ आडवा काप कापणं.

मायक्रोस्कोपच्या रिव्ह्यूमधे ब्लेडबद्दल लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं पण खरं सांगते पहिले आठ दिवस माझे ब्लेडवरच गेले. लव्हाळ्याचं पान पाच-सहा मिलिमीटर रुंद, पातळ, आणि मधे व्ही आकाराची घडी. नुसतं हातात धरून कापता येत नाही, कशात तरी खोचून धरायला लागतं. पहिले केळीच्या पानाचा देठ घेतला कारण तो फुकट. अजिबात घेऊ नका, एक तर आत सगळे हवेचे कप्पे आहेत त्यामुळे पान हलतं आणि वरून चीक, सेक्शनवर काळे-तपकिरी डाग, बोटं पण काळी. मग पपईचा देठ, तो आतून पोकळ, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. मग बटाटा. बटाट्यात मस्त कापलं जातं म्हणून मी खुश झाले आणि त्या खुशीची शिक्षा पुढे मिळाली ती सांगतेच. शेवटी गाजर. गाजराचा बोटाएवढा तुकडा, मधे उभी चीर, त्यात पान, आणि नवीन ब्लेड पाण्यात बुडवून एकाच दिशेने ओढायचं, करवतीसारखं मागेपुढे नाही. दाढीचं साधं दोन धारेचं ब्लेड, अर्धं करून.

आणि ब्लेड लवकर मरतं. लव्हाळ्याच्या कातडीत सिलिका असते, शंकूच्या आकाराचे बारीक खडे, शिरेच्या धाग्यांच्या बरोबर वरच्या पेशींमधे ओळीने. मी एका ब्लेडच्या एका कोपऱ्यात चार-पाच सेक्शन काढून पुढे सरकत होते, त्यानंतर कापलं जात नाही, फाटतं. हे खडे नंतर मायक्रोस्कोपमधे पण दिसले, नेलपॉलिशचा पापुद्रा काढला होता पानाच्या खालच्या बाजूचा (पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळू द्या, सेलोटेपने उचला) तर १०एक्सला चमकणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा आणि मधे रंध्रं. रंध्रं बघायला ही युक्ती बेस्ट, पोरांना पण जमते आणि कोणाचं बोट कापत नाही.

पहिला चांगला सेक्शन नवव्या दिवशी. रोटंडस, रंग न लावता, नुसता पाण्यात. ४एक्सला अख्खं पान मावतं, साडेचार मिलिमीटरच्या आसपास फील्ड दिसतं, रुंद पान असेल तर कडा कापल्या जातात पण चालतं. व्ही आकार, वरच्या बाजूच्या पेशी मोठ्या मोठ्या पाणी भरल्यासारख्या आणि खालच्या एकदम बारीक, घडीच्या मधोमध फुगीर पेशींचा पंखा. १०एक्सला हिरवी कडी दिसायला लागली एकापाठोपाठ एक, बांगड्या ओवल्यासारखी. मी ओरडलेच. मग ४०एक्स लावला आणि सगळं धुकं. हिवाळ्यातल्या सकाळी तापीच्या पुलावरून बघावं तसं.

दुकानात फोन केला. तिकडून उत्तर, मॅडम तुमचे सेक्शन जाड असतील. मला जो राग आला, आणि रागाचं कारण हे की ते निम्मं खरं होतं. ४०एक्सच्या लेन्सचं टोक आणि काच ह्यांच्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरचंच अंतर असतं, सेक्शन जाड असेल तर वरच्या पेशी आणि खालच्या पेशी एकमेकीत मिसळून दिसतात. म्हणून अजून चार दिवस पातळ कापायला शिकले, पाण्यात तरंगताना जो तुकडा जवळजवळ दिसत नाही तो घ्यायचा, अख्खं पान नसलं तरी चालेल, एका कडेचं चिमुकलं पापुद्र्यासारखं पुरतं. तरी धुकं.

मग डोकं चाललं. ऑब्जेक्टिव्हच्या आट्या बहुतेक स्टुडंट मायक्रोस्कोपना एकाच स्टँडर्डच्या असतात. ओळखीच्या एका लॅब असिस्टंट दादांकडून तासाभरासाठी दुसरा ४०एक्स मागून आणला, जुना, रंग उडालेला, बसवला आणि तीच स्लाइड, सगळं काचेसारखं स्वच्छ. म्हणजे माझाही दोष होता आणि लेन्सचाही. दुकानाने मला बहुतेक काचेच्या कपाटातला डेमो पीस दिला होता, लेन्सच्या टोकाला काहीतरी वाळलेलं होतं आणि ते आतपर्यंत गेलं होतं. तीन फोन, जळगावला एक चक्कर, अर्धा दिवस बाकड्यावर, आणि मग बदलून दिला. सॉरी नाही, चहा नाही. बिल पक्कं घेतलं होतं म्हणून तरी झालं. सर्व्हिसला पाचात दीड, तो अर्धा पण दुकानातला पोरगा नंतर स्वतः आट्या साफ करून बसवून दाखवायला आला म्हणून.

नवीन ४०एक्स मात्र चांगला निघाला. रोटंडसमधे मधली रंगहीन ओळ दिसली, आत गडद हिरवं कडं, बाहेर मेसोफिलचे किरण, आणि दोन शिरांच्या मधे मोजून दोन-चार मेसोफिल पेशी, इतक्या जवळ जवळ शिरा. साडेचार हजारात ह्याच्यापेक्षा जास्त मागणं बरोबर नाही. टीप : रंग लावायच्या आधी बघा. सगळे सॅफ्रॅनिनकडे धावतात, सॅफ्रॅनिनने जलवाहिन्या आणि धागे लाल होतात ते छान दिसतं पण क्रांझचं कडं बघायचं असेल तर ताजा, बिनरंगाचा सेक्शन सगळ्यात बोलका, कारण हिरवा रंग नैसर्गिकच तिथे आहे.

मग डिफॉर्मिस. डब्यातून काढला तेव्हा पानं जरा मलूल झाली होती, पाण्यात ठेवली रात्रभर. कापायला तो लोण्यासारखा, ब्लेड मरत नाही इतकं. आणि आत बघितलं तर कडं नाही. शिरेभोवतीच्या पेशी फिकट, हिरवं सगळं मेसोफिलमधे पसरलेलं, शिरा लांब लांब, आणि दोन शिरांच्या मधे भलेमोठे हवेचे कप्पे. भाताच्या खाचरात बूड पाण्यात, तर मुळांपर्यंत हवा न्यायला ही पाइपलाइन. हवेचे कप्पे रोटंडसमधे पण असतात, पण लहान. पोरांना दोन स्लाइड एकापाठोपाठ दाखवल्या आणि काहीच सांगितलं नाही, विचारलं ह्यातला जळगावच्या मे महिन्यात कोण टिकेल. सगळ्यांनी बरोबर सांगितलं. एक पोरगी म्हणाली मॅडम मग तण म्हणजे सी-४ का, आणि तिथे मला थांबून सांगावं लागलं की नाही, डिफॉर्मिस सी-३ असून भातातलं जगभरचं त्रासदायक तण आहे, त्याला पाणी मिळालं की पुरे. पानाच्या आत बघून तो कुठे जोर करेल ते कळतं, किती छळेल ते नाही. रोटंडस छळतो तो पानामुळे कमी, गाठींमुळे जास्त. वखराने माळ तुटली की झोपलेल्या गाठी पण फुटतात, एकाचे पाच होतात, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. आणि हीच गाठ दिवाळीला नागरमोथा म्हणून उटण्यात विकत आणतो आपण, पैसे देऊन.

इरिया आणि कॉम्प्रेसस दोन्ही सी-४, दोन्हीत कडी दिसली, रोटंडससारखीच रचना. ह्या तिघांच्या पानांत फरक सांग म्हटलं तर पोरांना काय मलाही स्लाइडवर लेबल नसेल तर सांगता येणार नाही, खोटं का बोलू. तिथे सासूबाईंची पद्धतच बरी.

आता बटाट्याची शिक्षा. सी-४ पानात स्टार्च मुख्यतः त्या आतल्या कड्यात साठतो, मेसोफिलमधे जवळजवळ नाही. म्हणजे आयोडीन टाकलं तर कडं काळं-निळं व्हायला पाहिजे आणि बाकी नाही. आयोडीन म्हणजे मेडिकलमधलं बेटाडीन, पाणी टाकून चहाच्या रंगाचं करा, चालतं. मोठ्या तयारीने सातच्या बॅचसमोर केलं, आणि स्लाइडभर काळेनिळे गोळेच गोळे, शिरेत, शिरेबाहेर, पाण्यात तरंगताना, सगळीकडे. पोरं खुश, मॅडम किती स्टार्च! मी गप्प. दहा मिनिटांनी लक्षात आलं की हा लव्हाळ्याचा स्टार्च नाही, बटाट्याचा आहे, मी पान बटाट्यात खोचून कापलं होतं त्याच्या कापलेल्या पेशींतून सांडलेला. दुसऱ्या दिवशी गाजर वापरून केलं तर काहीच नाही, कोरं. कारण पान सकाळी सातला तोडलं होतं, रात्रीतून स्टार्च संपलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला उन्हातून तोडलं, गाजरात कापलं, आणि काय दिसलं म्हणून सांगू, काळ्या बांगड्यांची रांग आणि मधली जागा स्वच्छ. डिफॉर्मिसमधे तोच प्रयोग केला तर ठिपके मेसोफिलमधे विखुरलेले. हा फोटो मोबाइल आयपीसला लावून काढलाय, बरा आलाय, हात धरून काढलाय म्हणून कोपरे काळे.

दांडीचे सेक्शन पानापेक्षा सोपे, जाड असते, गाजराशिवाय पण जमते. सगळ्या दांड्या तिकोनी पण तिकोनात फरक आहे, रोटंडसचे कोपरे बोथट, डिफॉर्मिसचे धारदार आणि दांडी दाबली की चेपते कारण आत हवेच्या नळ्या. रोटंडसच्या दांडीत कडेला कातडीच्या आतल्या बाजूने धाग्यांचे गठ्ठे, त्यांच्यामधे बारीक शिरांची ओळ आणि त्या शिरांना परत तेच हिरवं कडं, म्हणजे दांडी पण पानाचं काम करते. मधल्या मोठ्या शिरा मात्र बिनकड्याच्या, विखुरलेल्या, आणि इकडे तिकडे तपकिरी भरलेल्या पेशी, ते टॅनिन. मला वाटलं घाण आहे, दोनदा स्लाइड धुतली.

बांधावरचा एक फिंब्रिस्टायलिस पण घेतला होता, तो सायपेरस नाही पण ह्याच घराण्यातला. त्याच्यात म्हणे तीन कडी असतात, हिरवं आत, मग मेस्टोम, मग अजून एक रंगहीन. मला दोन नक्की दिसली, तिसरं कधी दिसलं कधी नाही. ते माझ्या ब्लेडचं की लेन्सचं, दुकानदार म्हणेल ब्लेडचं.

वस्तूबद्दल राहिलेलं पटापट. एलईडी चार्जिंगचा आहे, आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून हे फार कामाचं, एकदा चार्ज केला की दोन बॅच निघतात. आरशाने उन्हात बघायचा नाद करू नका, ऊन सरळ आरशात घेतलं तर डोळ्याला धोका, आरसा उजेडाच्या भिंतीकडे वळवा. आयरिस, म्हणजे खालचं उजेड कमी-जास्त करायचं झाकण, सुरुवातीला घट्ट होतं, आता ठीक. बिनरंगाचा सेक्शन बघताना ते थोडं बंद करा, भिंती उठून दिसतात, पूर्ण उघडं ठेवलं तर सगळं पांढरं. बारीक फोकसचा स्क्रू आमचा हळूहळू स्वतःच खाली सरकतो, अर्ध्या तासात चित्र पुसट होतं, परत फिरवायचं. स्लाइड सरकवायचा मेकॅनिकल स्टेज नाहीये, दोन क्लिपा आहेत, बोटाने सरकवा, ४०एक्सला बोटाचा एक धक्का म्हणजे शीर गायब. पाच-सातशे जास्त गेले तरी मेकॅनिकल स्टेजवाला घ्या, मी नाही घेतला त्याचा पश्चात्ताप आहे. १००एक्स ऑइलवाला गळ्यात मारायला बघतील, ह्या कामाला लागत नाही.

सोबत पंचवीस तयार स्लाइडची पेटी घ्यायला लावतात, घेऊ नका. माझ्यात "एकदल पान" लिहिलेली स्लाइड दोनदा आलीये आणि त्यातल्या एकीत सरळसरळ खोड आहे. त्या पैशात कव्हरस्लिपची डबी दोन घ्या, पोरं फोडतात, मी पण फोडते. ग्लिसरीनचा एक थेंब टाकला की सेक्शन वाळत नाही, संध्याकाळच्या बॅचला तोच दाखवता येतो.

सासूबाईंना बसवलं होतं एकदा खुर्चीवर, चष्मा काढून. बराच वेळ काही दिसेना, मग आपल्याच पापणीचे केस दिसले, मग एकदम शांत झाल्या. मी विचारलं काय दिसलं तर म्हणे बांगड्या. आणि मग उठून विळा घेऊन कपाशीत गेल्या, कारण निंदणी राहिली होती आणि रोजाने बाया मिळत नव्हत्या.

एकूण पाचात साडेतीन. मेकॅनिकल स्टेज असता तर चार. दुकानात जाताना स्वतःची एक स्लाइड घेऊन जा, कांद्याची नको, आणि ४०एक्स लावून तिथेच बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.